पाण्याखालचा काप

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या तळ्यात वहिनींनी पाचोळा काढायला हात घातला आणि तो तसाच पाण्यात राहिला. काठाची पाणकणसं कापलेली होती. त्यात वावगं काही नाही, थंडीच्या तोंडावर वाळलेले दांडे कापतातच. पण कापल्यावर पाण्याच्या वर वीतभर खुंट उभे दिसायला हवेत, ते कुठे दिसेनात. वहिनींनी चष्मा काढून बाहीला पुसला, परत लावला. मग बाही कोपराच्या वर सारून हात खोल घातला आणि चाचपडता चाचपडता बोटांना खुंट लागले. पाण्याच्या चांगले खाली. एकजात तिरपे, एकाच दाबात कापलेले. असा तिरपा काप त्या भागात एकच माणूस करायचा, आणि वहिनी त्याच्याशी संसार करता करता म्हाताऱ्या झाल्या होत्या.

“अगं बाई गं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि काठाच्या दगडावर टेकल्या.

आता तळ्यातलं ज्याला ओ की ठो कळत नाही तो म्हणेल, चार काड्या जरा खाली कापल्या, त्यात एवढं काय आभाळ कोसळलं? तर ऐका. पाणकणसाचा दांडा आतून पोकळ असतो. थंडीत वरचं सगळं वाळून जातं, पण मूळ खाली चिखलात जिवंत असतं, आणि त्या वाळक्या नळीतून त्याला वरची हवा मिळते. नळीचं तोंड पाण्याच्या वर राहिलं तर मूळ सुखरूप थंडी काढतं. तोंड पाण्याखाली गेलं की नळीत पाणी शिरतं आणि मूळ गुदमरतं. पाण्यातलं झाड पाण्यात बुडून मरतं असं सांगितलं की लोक फिदीफिदी हसतात. हसोत बापडे. आणि ते मरतं तेही गुपचूप. वर बर्फ धरतो, सगळं कसं शांत, कोणाला काही पत्ता नाही. वसंतात बाकीचं तळं हिरवं व्हायला लागलं की तेवढ्या जागी काळा रेंदा निघतो आणि नाक धरायला लावणारा वास येतो. तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हे वहिनींना शिकवलं होतं त्यांच्या नवऱ्यानं. त्याला सगळे बेडूकराव म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं काही नसे. लोकांच्या बागांमधली तळी सांभाळायची हाच धंदा. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून सकाळी पाण्यात उतरायचं, शेवाळ काढायचं, पंप धुवायचा, लिली लावायच्या, मासे मोजायचे. लग्न होऊन आल्यावर पहिल्या हिवाळ्यात वहिनींनी उत्साहाच्या भरात एका तळ्यातली सगळी पाणकणसं पार बुडाशी कापून ठेवली. छान साफसफाई केली म्हणून वर शाबासकीची वाटही बघत होत्या. बेडूकराव ओरडले नाहीत. जवळ आले, दोन बोटांनी बायकोचं नाक धरलं, दुसऱ्या हातानं तोंड झाकलं आणि म्हणाले, “कसं वाटतंय?” वहिनींनी हातपाय झाडले. त्यांनी हात काढला. “तसंच वाटतं त्याला,” म्हणाले. नव्या नवरीला असं कोणी शिकवतं का? पण ते असेच होते, आणि वहिनी तो काप परत कधी चुकल्या नाहीत. पुढे मुलगी झाली, तिलाही हे असंच शिकवलं, नाक धरूनच. ती मात्र दर वेळी खिदळायची.

तर थंडीच्या कामांची दोघांची वाटणी ठरलेली होती. पिवळी पडलेली लिलीची पानं कापायची, टोपल्या उथळ पायरीवरून उचलून तळ्याच्या खोल भागात ठेवायच्या, म्हणजे वर बर्फ धरला तरी कंद खाली सलामत. याला ते लिली ‘निजवणं’ म्हणायचे. नाजूक जातीच्या लिली बाहेर तगत नाहीत, त्यांचे कंद ओल्या वाळूच्या बादल्यांत घालून घरी तळघरात निजवायचे. पंप काढून ठेवायचा. वर जाळं ताणायचं. आणि तळ्यात एक चेंडू सोडायचा. पाणी गोठलं की चेंडूच्या भोवती गरम पाण्याचं भांडं टेकवून तो काढायचा, म्हणजे बर्फाला भोक पडतं आणि खालची कोंडलेली घाण हवा निघून जाते. बर्फ ठोकून फोडायचा नाही, धक्क्यानं मासे मरतात. भोक नाही ठेवलं तर मासे आणि चिखलात निजलेले बेडूक सगळेच मरतात. कापाकापी बेडूकरावांची, बाकीचं वहिनींचं, दोघं जोडीनं.

यंदा वहिनींचा गुडघा सुजला. काही दिवस त्या घरीच, आणि बेडूकराव एकटेच तळ्यांवर गेले. त्याच दिवसांतला हा काप होता.

दगडावर बसल्या बसल्या वहिनींना एकेक आठवायला लागलं. खरं तर आठवायचं काय, सगळं समोरच होतं, त्यांनी बघितलं नव्हतं इतकंच. बेडूकरावांचं ते, पंप काढला का, हे जेवताना तीनतीनदा विचारणं. त्यांचा चष्मा बियांच्या डब्यात. लेकीच्या फोनवर “कोण, ताई का?” म्हणणं, आणि त्यांची ताई जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तेव्हा वहिनी हसल्या होत्या. म्हातारपणी सगळेच असे होतात, असं म्हणून सोडून दिलं होतं. आणि गेल्या आठवड्यातलं ते. जजसाहेबांच्या तळ्यावरून बेडूकराव घरी आले ते कमरेपर्यंत भिजून, दातावर दात वाजताहेत. “बुटात पाणी गेलं,” म्हणाले. वहिनींनी कपडे बदलायला लावले, चहा दिला. मग ओली लोकरी पँट वाळत घालायला त्या मागच्या पडवीत गेल्या, तर खुंटीवर रबरी विजार लटकलेली. कोरडी ठणठणीत. ती घातलीच नव्हती. माणूस घरच्या कपड्यांत तसाच त्या गार पाण्यात उतरला होता.

वहिनी त्या पँटकडे बघत उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांनी आपलं मन दुसरीकडे वळवलं होतं. आता ते वळेना.

लेकीचं नाव घरात बेबी. चाळिशीला टेकलेली, दोन पोरांची आई, तरी बेबीच. ती लांब शहरात सातव्या मजल्यावर राहायची आणि सारखं म्हणायची, “तुमच्यापैकी एकाला काही झालं ना, की मी ऐकायची नाही, दोघांना उचलून इकडे आणणार.” वाईट मनानं नव्हे, मायेनंच. पण सातव्या मजल्यावर पाणी कुठलं? नळाचं. बेडूकरावांना तिथे खिडकीशी खुर्चीत बसवलेलं वहिनींच्या डोळ्यांसमोर आलं. डॉक्टरला दाखवायला हवं होतं, लेकीला सांगायला हवं होतं, सगळं खरं. दुसऱ्याला सांगायला आपलं काय जातंय? त्यांनी ठरवलं ते एवढंच की झाकली मूठ सव्वा लाखाची. हा हिवाळा निघू दे, मग बघू.

पण हिवाळाच तर निघायचा होता. एकीकडे ती बुडालेली मुळं, आणि दुसरीकडे तो माणूस, जो पाणी किती गार आहे हे विसरून आत उतरतो. वहिनींना दोन्ही वाचवायची होती.

मुळं वाचवायला एकच उपाय होता. पाणकणसं लावलेली असतात ती टोपली खालून विटा लावून वर उचलायची, म्हणजे कापलेल्या नळ्यांची तोंडं पाण्याबाहेर येतात. वहिनींनी हातगाडीवर विटा घातल्या आणि “दुकानात जाऊन येते हो” म्हणून रोज दुपारी बाहेर पडायला लागल्या. एकेक बाग, एकेक तळं. दुखरा गुडघा दगडावर टेकायचा, खांद्यापर्यंत हात पाण्यात, चिखलानं जड झालेली टोपली उचलून खाली वीट सारायची, मग दुसरी. बोटं आधी दुखत, मग दुखणं थांबे, आणि ते थांबलं की वहिनींना भीती वाटे. एका टोपलीला हात घालताना खालून बुडबुड्यांची माळ वर आली, मेलेल्या पाचोळ्याचा वास सुटला, आणि त्यांना वाटलं आपल्याला उशीर झालाय.

डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून पाहिलं. “वहिनी, अहो या थंडीत काय करताय?”

काहीतरी सांगायला हवं होतं. “काही नाही हो. विसरले होते मी मागच्या खेपेला. चुकून खाली कापलं. आता निस्तरतेय.”

“तुम्ही? आणि विसरलात?” डॉक्टरीणबाई हसल्या.

“वय झालं की,” वहिनीही हसल्या.

सोपं गेलं ते. इतकं सोपं की पुढच्या बागेतही तेच सांगितलं आणि त्याच्या पुढच्याही. विसरले हो. डोक्यातच राहत नाही हल्ली. लोक म्हणाले, असू दे वहिनी, होतं असं. लोकांना काय, बोलायला कोणाचं काय जातंय, आणि लक्षात ठेवायला त्याहून कमी.

मग एका सकाळी दोघं जजसाहेबांच्या तळ्यावर गेले. रात्री पहिला बर्फ धरला होता, चेंडू सोडवायचा होता. आता बेडूकरावांना एकट्यानं कुठे म्हणून पाठवायचं नाही, हे वहिनींनी मनाशी पक्कं केलं होतं. त्या गरम पाण्याचं भांडं चेंडूशी टेकवत होत्या, आणि बेडूकराव काठाशी वाकून बर्फाखाली बघत होते. काही बाबतीत त्यांची नजर अजून तशीच तिखट होती.

“विटा कोणी लावल्या?”

वहिनींनी भांडं चेंडूशी तसंच दाबून धरलं.

“टोपली वर उचललीये. का उचलली?” ते स्वतःशीच बोलत होते, एकेक दुवा जोडत. “खुंट आखूड आहेत म्हणून. आखूड का? कोणीतरी पाण्याखाली कापले म्हणून. कोणीतरी कापले आणि मग कोणीतरी झाकलं.” ते उभे राहिले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. “जन्म गेला शिकवण्यात! नाक धरून शिकवलं होतं तुला! कापलंस तूच ना हे?”

त्या क्षणाला वहिनी बोलू शकल्या असत्या. नवऱ्याचा हात धरून म्हणू शकल्या असत्या, अहो, हे तुम्ही केलंत. त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे राग होता, पण रागाच्या मागे काहीतरी थरथरत होतं. वहिनींना ते सहन होईना.

“हो,” त्या म्हणाल्या. “मीच. विसरले.”

 बेडूकरावांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी बायकोच्या हातातलं भांडं घेतलं आणि खाली ठेवलं, आणि घरी जाताना रस्ता ओलांडायच्या वेळी तिचा कोपर धरला. असं त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

पुढचे दिवस वहिनींना आयुष्यात कधी गेले नव्हते असे गेले. नवरा त्यांची काळजी घ्यायला लागला. छाटणीची कात्री त्यांच्या हाताला लागू नये म्हणून वरच्या फळीवर ठेवली. मग कुठे ठेवली ते विसरून घरभर शोधली, आणि “तू कुठे टाकलीस?” म्हणून हळू आवाजात विचारलं, दुखवायचं नाही अशा बेतानं. गॅस बंद आहे का ते दहादा बघायचे. बाजूला बसून जुन्या गोष्टी आठवण करून द्यायचे, “आपण त्या मोठ्या तळ्यात पहिल्यांदा लिली लावली ती आठवते का गं?” वहिनींना आठवायची, आणि ती लिली पिवळी होती, त्यांनी सांगितली तशी गुलाबी नव्हे. पण त्या म्हणायच्या, “आठवते ना.” इतक्या वर्षांत हा माणूस एवढ्या मायेनं बोलला नव्हता. वहिनींना ते हवंहवंसं वाटायचं आणि लगेच त्याची भीती वाटायची.

एका सकाळी तळघरातल्या बादल्या अंगणात निघालेल्या दिसल्या. नाजूक लिली, रात्रभर हिमात राहिलेल्या. वहिनींनी वाळूत बोट घातलं, कंद बोटाखाली लगदा झाला. बेडूकराव दारात उभे होते.

“मी म्हटलं यांना उठवायला हवं, वसंत आला,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पांढऱ्या अंगणाकडे, बायकोकडे. “तू बाहेर काढल्यास का गं?”

“हो,” वहिनी म्हणाल्या.

“असू दे,” त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “असू दे हं. माझं लक्ष आहे.”

त्याच दुपारी वहिनी अंथरुणाच्या चादरी धूत असताना बेडूकरावांनी बेबीला फोन केला. गुपचूप, पडवीत जाऊन. म्हणाले, तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, तळी बिघडवते, बादल्या थंडीत काढते, मी कुठवर बघू? इतकं नीट, इतकं मुद्देसूद बोलले की बेबीच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ती सरळ पोरगी, एकाचं ऐकून भुलणारी नव्हे. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “हो गं, मीच कळवणार होते. त्या स्वतःच म्हणाल्या, डोक्यात राहत नाही. भर थंडीत खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून बसल्या होत्या, मला बघून कसंतरीच झालं.” बेबीनं आणखी एकदोन ठिकाणी विचारलं. सगळीकडे तेच. वहिनींनी स्वतःच्या तोंडानं घरोघर साक्षी पेरून ठेवल्या होत्या.

रविवारी बेबी गाडी घेऊन आली. दोघांना न्यायला नव्हे, आईला. बाबा म्हणाले होते, “मी येतो वसंतात, तळी उठवून. तोवर तिचं डॉक्टर-बिक्टर बघ. माझी नको काळजी करू.” आणि काळजी वाटावी असं त्यांच्यात त्या दिवशी काहीही नव्हतं. दाढी केलेली, कपडे नीट. नातवंडांची नावं बरोब्बर घेतली. बायकोची बॅगही त्यांनीच भरली. तीत सगळे मोजे होते आणि एकही स्वेटर नव्हता, पण बॅग उघडून कोण बघतंय? बेबीनं ती उचलून गाडीत ठेवली.

वहिनींना तेव्हा कळलं काय होणार आहे ते. त्या सातव्या मजल्यावर, आणि हे इथे, एकटे, बर्फाच्या कडेला. खुंटीवर कोरडी विजार. ओली पँट बघायलाही कोणी नाही. मूठ उघडायची वेळ आली होती.

त्यांनी लेकीला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लोटलं. “बेबी, नीट ऐक. मी नाही विसरत. बाबा विसरतात. तो काप त्यांचा होता. मी झाकलं. मी खोटं बोलले सगळ्यांशी.”

बेबीनं आईचे दोन्ही हात हातात घेतले. भेगा पडलेले, पाण्यानं सुजलेले हात. तिचे डोळे भरून आले. “आई, बाबा म्हणालेच होते, तू असं म्हणशील म्हणून. म्हणाले, ती माझ्यावर ढकलेल, तिच्यावर चिडू नकोस.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातला प्रकार, पण इथे चोराला आपण चोर आहोत याचा पत्ताच नव्हता. चिडायचं तरी कोणावर? वहिनी चिडल्या, तरीही. “अगं, मी तुझी आई आहे! वेडी नाही झाले मी! यांना इथे एकटं ठेवलंस तर तुलाच यांना तळ्यातून काढावं लागेल, कळतंय का तुला?” आवाज चढला, कप घसरून फुटला, आणि बेबीच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून वहिनी थांबल्या. जेवढं ओरडतील तेवढं तिला पटत जाणार होतं. ती खाली बसून तुकडे गोळा करायला लागली, अगदी हलक्या हातानं, घरात आजारी माणूस असल्यासारखी.

“बेबी,” मागच्या अंगणातून हाक आली. “इकडे ये गं. जायच्या आधी तुला दाखवतो तुझी आई काय चुकते ते. तिथे कुंडीत-बिंडीत काही लावलं तर लक्ष ठेवायला बरं.”

दोघी बाहेर आल्या. घरच्या तळ्यातली पाणकणसं बेडूकराव वसंतापर्यंत कधीच कापत नसत. त्यांच्यावर पाखरं येऊन बसतात म्हणायचे. त्यामुळे ती अजून उंच उभी होती, वाळकी, पिवळी, वरच्या कणसांचा कापूस सुटलेला. काठाला पातळ बर्फ धरला होता आणि मध्ये लाल चेंडू. बेडूकराव काठावर गुडघे टेकून बसले होते. हातात कात्री. ती सापडली होती तर.

“हा बघ दांडा. आतून पोकळ. हे याचं काय?”

“नाक,” बेबी म्हणाली. नकळत तिला हसू आलं.

“शाब्बास. आणि नाक काय करायचं नाही?”

“बुडवायचं नाही.”

“आता हे तुझ्या आईला सांग.” ते वहिनींकडे बघून मायेनं हसले. “साधी गोष्ट आहे. दांडा धरायचा. असा. आणि कापायचं ते कुठे, तर इथे.”

त्यांचा हात दांड्यावरून खाली आला. पाण्याच्या वर वीतभर उंचीला आला, आणि वहिनींनी श्वास रोखला. तिथे तो थांबला नाही. खाली गेला, बर्फाचा पापुद्रा मोडून पाण्यात शिरला, मनगट गेलं, बाही गेली, कोपर गेलं. पाणी इतकं गार होतं की बघणाऱ्याचे दात शिवशिवावेत, त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. खाली कात्री मिटल्याचा बारीक आवाज झाला.

दांडा आडवा झाला आणि बर्फावर पडला. आणि खालून बुडबुडे आले. आधी एक, मग भराभर, बर्फाखाली येऊन चपटे होत, वाट शोधत काठाकडे सरकत. मुळात होती नव्हती ती सगळी हवा बाहेर पडत होती. तिघंही ते बघत राहिले, बुडबुडे संपेपर्यंत.

“बाबा,” बेबी म्हणाली.

बेडूकराव त्या जागेकडे बघत होते. मग त्यांनी हातातल्या ओल्या कात्रीकडे पाहिलं. मग परत पाण्याकडे. त्यांचा चेहरा बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा झाला.

“हे...” ते म्हणाले. “हे कोणी कापलं?”

“मी,” वहिनी चटकन म्हणाल्या. “मी हो. विसरले.”

त्यांनी केवढातरी श्वास सोडला. “तरी तुला सांगत असतो,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. “बुडेल ना गं ते.”

“नाही बुडत. विटा लावू आपण.”

बेबी आईकडे बघत होती. आई तिच्याकडे बघत नव्हती. बेबीनं वाकून बाबांच्या हातातली कात्री काढून घेतली, ती त्यांनी सहज दिली. मग तिनं स्वतःचा रुमाल काढून त्यांचा हात पुसला, एकेक बोट.

“विटा कुठे आहेत, आई?” तिनं विचारलं. 

“शेडच्या मागे. ये, दाखवते.”

दोघी निघाल्या. गाडीचं दार अजून उघडंच होतं, आत ती बॅग. शेडपर्यंत पोचायच्या आधी वहिनींनी मागे वळून पाहिलं. बेडूकराव काठावर तसेच गुडघ्यांवर होते आणि पुसलेला हात त्यांनी परत पाण्यात घातला होता, खांद्यापर्यंत, वाकून, खाली काहीतरी शोधत.

“तू आण विटा,” वहिनी लेकीला म्हणाल्या आणि परत फिरल्या.